रूळ गेले, काटा राहिला

मूर्तिजापूर जंक्शनवर मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या धडधडत येतात, घटकाभर थांबतात आणि निघून जातात. त्याच स्थानकाच्या दुसऱ्या अंगाला अरुंद रुळांचा एक संसार पडून आहे. दोन रुळांमधले अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. तिथून एक फाटा अचलपूरला जातो आणि दुसरा यवतमाळला. 'जातो' म्हणायचे ते सवयीने. 'शकुंतला' नावाची ही गाडी बंद होऊन बरीच वर्षे लोटली, रुळांत बाभळी माजल्या, तरी गावात विचारले तर 'शकुंतला कुठून सुटायची' हे सांगायला लहान पोरही हात वर करते.

ज्या गावाला रेल्वेने नकाशावर आणले, त्याचे रेल्वेचे एक अख्खे अंग झडून गेल्यावर काय होते? मूर्तिजापूरपुरता हा प्रश्न नाही. दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, कारंजा, दारव्हा अशा वऱ्हाडातल्या अनेक गावांना तो लागू पडतो. ही गावे शहरेही नव्हेत आणि खेडीही नव्हेत. मूर्तिजापूरची वस्ती २०११च्या जनगणनेत चाळीस हजारांच्या आसपास होती. लोक त्यांना नुसते 'तालुक्याचे गाव' म्हणतात. तहसील कचेरी, कापसाचे मार्केट, एक-दोन कॉलेजे, आठवडी बाजार, चार जिनिंग आणि त्यांतल्या दोनांची पडकी भिंत एवढ्यावर गावाची ओळख पटते.

अमेरिकेत कॅन्सस, नेब्रास्काच्या गवताळ मैदानांवर, म्हणजे प्रेअरीवर, अशा लहान गावांचे इतिहास हौसेने लिहिले जातात. तिथली कथा बहुतेक एकाच साच्यातली असते. १८६२च्या होमस्टेड कायद्याने वसाहतवाल्यांना १६० एकरांपर्यंत जमीन जवळजवळ फुकट दिली. ती आधी ज्यांची होती त्या मूळ रहिवाशांना हुसकावून लावले गेले. मग रेल्वे कंपन्यांनी रूळ टाकले आणि सात-दहा मैलांवर एकेक स्थानक आखले. शेतकऱ्याने घोडागाडीत गहू भरून यावे, विकावा आणि दिवस मावळायच्या आत घरी परतावे, हा त्यामागचा हिशेब. रुळाच्या कडेला धान्याचे उंच कोठार, समोर एक रस्ता आणि त्यावर दुकाने, बँक, चर्च असे गाव उभे राही. पुढे मोटारी आल्या, शेते मोठी झाली, शेतकरी कमी झाले. १९८०च्या स्टॅगर्स कायद्यानंतर कंपन्यांना तोट्यातले फाटे सोडून देणे सोपे झाले. फाटा गेला की गाव ओस पडायला वेळ लागत नसे, कारण रुळाआधी तिथे गाव नव्हतेच.

वऱ्हाड वरवर पाहता प्रेअरीचा सख्खा भाऊ वाटतो. सपाट मुलूख, खोल काळी माती, एका पिकावर सगळी मदार, माल विकायचा तो सातासमुद्रापलीकडे आणि तिथवर नेणारी आगगाडी. काळही तोच आहे. अमेरिकेचा पूर्व-पश्चिम किनारा रुळांनी जोडला गेला १८६९ मध्ये. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचला १८६७ मध्ये. पण क्रम वेगळा आहे. इथे गावे आधी होती, रूळ नंतर आले. पुढचा सगळा फरक या क्रमातून निघतो.

कारंजा घ्या. लाडाचे कारंजे म्हणून ओळखले जाणारे हे गाव आज वाशीम जिल्ह्यात आहे. १९९८ पर्यंत ते अकोला जिल्ह्यात होते. सुरतेच्या दुसऱ्या स्वारीनंतर, १६७० मध्ये, शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंजा लुटले होते. लुटायला गावात काहीतरी असावे लागते, आणि ते भरपूर होते. इथे जैन भट्टारकांच्या गाद्या होत्या आणि त्यांच्याबरोबर हस्तलिखितांचे भांडार होते. याच भांडारातल्या पोथ्यांवरून पुष्पदंताचे अपभ्रंश काव्य १९३०च्या दशकात छापील रूपात जगापुढे आले. त्या कामात अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले डॉ. हिरालाल जैन अग्रभागी होते. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांची पावले या गावाकडे वळतात ती वेगळीच.

अचलपूर तर राजधानीच. १४९० ते १५७४ या काळात इमादशाहीचा कारभार तिथून चालला. अंजनगावचे नाव शाळेच्या पुस्तकात येते ते ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि आर्थर वेलस्ली यांच्यात झालेल्या तहामुळे. आगगाडीचे धुराडे दिसण्याआधी या गावांना वेशी होत्या, गढ्या होत्या, सावकार होते आणि जत्राही होत्या.

मग १८५३ साल आले. निजामाने फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. मालकी कागदोपत्री निजामाची, कारभार इंग्रजांचा, अशी ही विचित्र व्यवस्था जवळपास शंभर वर्षे टिकली. इंग्रजांनी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू केली आणि कास्तकाराच्या नावाने सात-बाराचा संसार मांडला. त्याच सुमारास, १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. वऱ्हाडात कधी न पाहिलेला भाव आला. ज्वारीच्या रानात पऱ्हाटी उभी राहिली. १८६५ला युद्ध संपले, भाव कोसळला, पण पऱ्हाटी गेली नाही. लिव्हरपूलची तार काय आली, यावर खामगावच्या बाजारातला सौदा ठरायचे दिवस सुरू झाले.

लोहमार्ग मात्र गावांची मिजास पाहून टाकला गेला नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली सपाटी धरून तो शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा सरळ गेला. अमरावती दहा किलोमीटरवर राहिली, म्हणून तिच्यासाठी बडनेऱ्याहून फाटा काढावा लागला. खामगावची कापसाची पेठ एवढी मोठी होती की जलंबहून तेरा किलोमीटरचा फाटा तिथवर नेला गेला आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. अचलपूर बाजूला पडले. एकेकाळची राजधानी आधी जिल्ह्याचे ठाणे झाली आणि १९०५ मध्ये तो जिल्हाही अमरावतीत विलीन झाला. कारंजा तीसेक किलोमीटर दक्षिणेला राहिले. रुळावर असलेले मूर्तिजापूर त्यांच्या मानाने किरकोळ, पण आता कारंज्याच्या कापसाला मुंबई गाठायची तर मूर्तिजापूरला बंडी हाकावी लागत होती.

इथे गोष्ट प्रेअरीच्या साच्यातून निसटते. रूळ नसलेल्या कारंज्यात १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने नियमित बाजार सुरू झाला. भारतातली पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून शेतीपणनाच्या इतिहासात त्याचीच नोंद आहे. पाठोपाठ १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा आला. बाजाराची जागा ठरली, दलाल आणि मापारी यांना परवाने लागू लागले, वजने तपासली जाऊ लागली. त्याआधी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरायचा, कडत्याच्या नावाखाली माल कापला जायचा आणि हमाली, तोलाई, धर्मादाय वजा जाऊन शेतकऱ्याच्या हाती काय उरेल, याचा भरवसा नसायचा. कायद्याने हे सगळे थांबले नाही. बाजार समितीत व्यापाऱ्यांचाच वरचष्मा राहिला, आणि मँचेस्टरला स्वच्छ कापूस हवा होता हेही या कळवळ्यामागचे कारण होते. तरीही १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने देशभर नियंत्रित बाजार असावेत अशी शिफारस केली, तेव्हा नमुना म्हणून समोर होता तो वऱ्हाडचा. आज गल्लोगल्लीच्या राजकारणात ज्या एपीएमसीचा, म्हणजे बाजार समितीचा, बोलबाला असतो, तिचे आडवळणाचे माहेर हे आहे.

मोठ्या प्रमाणावर कापूस येऊ लागला तशी गावाची रचना बदलली. स्थानकाजवळ जिनिंग आणि प्रेसिंग उभे राहिले. रेच्यावर सरकी आणि रुई वेगळी व्हायची, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जायच्या, सरकी तेलाच्या घाण्याला आणि गुरांच्या पेंडीला जायची. दिवाळीपासून होळीपर्यंत भोंग्यावर गाव उठायचे. रुईचा भुगा नाकातोंडात घेत बाया दिवसभर कापूस पसरायच्या, हमाल पाठीवरून बोजे वाहायचे. रॅली ब्रदर्स, व्होलकार्ट ब्रदर्स अशा परदेशी पेढ्यांचे खरेदीदार हंगामात येऊन बसत. मारवाडी, गुजराती, कच्छी कुटुंबे इथे स्थायिक झाली आणि दोन पिढ्यांत वऱ्हाडी बोलू लागली. तालुक्याच्या गावात राम मंदिराशेजारी जैन मंदिर, पलीकडे मशीद आणि मागे धर्मशाळा अशी जी सरमिसळ दिसते, तिच्यात या व्यापाराचा मोठा वाटा आहे.

पैसा आला, तसे कर्जही आले. जमिनीला भाव आला म्हणून ती गहाण पडू लागली, आणि जमीन कागदावर आली म्हणून ती कागदावरूनच जाऊ लागली. शेणगावात १८७६ मध्ये जन्मलेला डेबूजी झिंगराजी जानोरकर हा मुलगा वडिलांच्या मृत्यूनंतर मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे वाढला. मामाची पूर्णाकाठची जमीन सावकाराच्या लिखापढीत अडकली. अक्षरशत्रू घराला कागदावर काय लिहिले ते वाचता आले नव्हते. हाच मुलगा पुढे गाडगेबाबा झाला. कर्ज काढून सण करू नका, पोराला शाळेत घाला, हा त्यांच्या कीर्तनाचा धोशा होता. पूर्णेवरच्या ऋणमोचनच्या यात्रेत त्यांनी खराटा हाती घेतला, मूर्तिजापूरला गोरक्षणाची संस्था काढली. देशाला त्यांचा खराटा माहीत आहे; त्या खराट्यामागची सावकारी मात्र या कापूस-गावांतली आहे. १८९९-१९००च्या दुष्काळाने ही सगळी व्यवस्था किती तकलादू आहे ते दाखवून दिले. तोवर दुष्काळ म्हणजे बाहेरून येणारे लोंढे, अशी वऱ्हाडाची समजूत होती. त्या वर्षी त्याच्याच पोरांना खडी फोडायला जावे लागले.

याच पट्ट्यातली आणखी एक अडचण जमिनीखाली आहे. पूर्णेच्या दोन्ही तीरांना अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाण पट्टा पसरला आहे. विहीर खणली तर पाणी लागते, पण ते खारट. पिकाला दिले तर माती बिघडते, प्यावे तर तहान भागत नाही. कॅन्ससच्या शेतकऱ्याने पवनचक्कीने गोडे पाणी उपसले आणि वस्ती टिकवली. दर्यापूरच्या शेतकऱ्याला ती सोय नव्हती. कोरडवाहू कापूस, तूर, हरभरा यापलीकडे जाणे अवघड होते. आज दर्यापूर-अंजनगावच्या नळाला सातपुड्याच्या पायथ्याच्या शहानूर धरणाचे पाणी येते. डोंगराकडे सरकले की चित्र पालटते: अंजनगाव, अकोट भागात पानपिंपळीचे मळे आणि संत्र्याच्या बागा दिसू लागतात.

मुख्य मार्गापासून दूर राहिलेल्या गावांना रूळ मिळाले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली. मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर आणि अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटर अशी अरुंद मार्गाची शाखा या कंपनीच्या मालकीची झाली. कारंजा, दारव्हा, दर्यापूर, अंजनगाव ही जुनी पेठांची गावे एका दोऱ्यात ओवली गेली. आतला कापूस मूर्तिजापूरला यायचा, मोठ्या गाडीत चढायचा आणि मुंबईमार्गे मँचेस्टरला जायचा. मँचेस्टरहून परत आले ते इंजिन: तिथे १९२१ मध्ये बांधलेले झेडडी वर्गाचे वाफेचे इंजिन १९२३ पासून ही गाडी ओढू लागले आणि एप्रिल १९९४ मध्ये निवृत्त झाले. मग डिझेल आले.

लोकांनी या गाडीला शकुंतला म्हटले आणि घरच्या लेकीसारखे वागवले. अचलपूरचे अंतर कापायला ती चार तास घ्यायची. छोट्या स्थानकांवर गार्डच तिकिटे विकायचा. दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, कॉलेजची पोरे, लग्नाचे वऱ्हाड सगळे तिच्यात मावायचे. तिची मालकी मात्र स्वातंत्र्यानंतरही सरकारकडे आली नाही. देशातल्या रेल्वे सरकारजमा झाल्या, हा मार्ग कंपनीचाच राहिला. भारतीय रेल्वे गाडी चालवायची आणि कंपनीला मोबदला द्यायची. करार वाढत राहिला, रुळांची डागडुजी मात्र मागे पडली. २०१०च्या दशकाच्या मध्यावर एकेक फाटा बंद झाला. २०१६ मध्ये, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, ब्रॉडगेजसाठी १,५०० कोटी रुपयांची घोषणा झाली. मूर्तिजापूर, अचलपूर, यवतमाळ इथे मोर्चे निघाले, निवेदने गेली. रूळ आहेत तिथेच आहेत.

गाडी गेली म्हणून ही गावे ओस पडली का? नाही. प्रेअरीशी तुलना केली की हा फरक डोळ्यांत भरतो. शकुंतलेच्या वाटेवरचे कुठलेच तालुक्याचे गाव मेले नाही. अचलपूर-परतवाड्याची वस्ती तर लाखावर आहे. गाडी कापसासाठी आली होती, पण कापूस तिच्याआधी बंडीने जात होता आणि ती बंद पडण्याच्या कितीतरी आधी ट्रकने जाऊ लागला होता. गाव धरून ठेवले ते बाजार समितीच्या काट्याने, तहसिलीने आणि शाळा-कॉलेजांनी.

शाळा-कॉलेजांचा हा भाग डॉ. पंजाबराव देशमुखांना सोडून सांगता येत नाही. पापळ या खेड्यात १८९८ मध्ये जन्मलेल्या, परदेशात शिकून आलेल्या या माणसाने अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली आणि तिचे जाळे वऱ्हाडच्या तालुक्या-तालुक्यांत पसरले. पुढे ते नेहरूंच्या मंत्रिमंडळात कृषिमंत्री झाले. त्यांच्या नावाने १९६९ मध्ये अकोल्यात कृषी विद्यापीठ निघाले. कुणब्या-माळ्याचा पोरगा तालुक्याच्या गावात खोली करून राहायचा, घरून ज्वारीचे पीठ आणायचा आणि बी.ए. होऊन मास्तर, ग्रामसेवक, तलाठी व्हायचा. कापसाने जे पोट भरले नाही ते पगाराने भरले. गावाच्या अर्थव्यवस्थेत पगारदारांचा हा थर कधी जिनिंगवाल्यांपेक्षा जाड झाला, ते कुणाच्या लक्षातही आले नाही.

कापसाची बाजू मात्र सरळ राहिली नाही. १९७२ मध्ये राज्य सरकारने एकाधिकार खरेदी योजना आणली. कापूस विकायचा तो फक्त सरकारी केंद्रावर. व्यापाऱ्याच्या लुबाडणुकीपासून सुटका व्हावी, हा हेतू. हंगामात मार्केटच्या फाटकापासून मैल मैल बंड्यांच्या रांगा लागत. शेतकरी बंडीखालीच झोपत. ग्रेडर कापसात हात घालून प्रत ठरवायचा आणि त्याच्या एका शब्दावर वर्षाचा हिशेब फिरायचा. चुकारे महिनोन्महिने अडकत. तरी भावाची एक हमी होती, आणि सीमेपलीकडे आंध्र-मध्य प्रदेशात भाव पडला की इथला शेतकरी या योजनेला दुवा देई. तोटा वाढत गेला आणि २००२च्या सुमारास एकाधिकार संपला. त्याच वर्षी बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली. बियाण्याचा खर्च वाढला, बोंडअळी काही वर्षे हटली आणि गुलाबी होऊन परत आली. त्या काळात वऱ्हाड आणि यवतमाळ ही नावे वर्तमानपत्रांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे येऊ लागली. पऱ्हाटीच्या रानात सोयाबीन घुसले, आणि आता तर सोयाबीनचा भाव शिकागोच्या बाजाराकडे पाहून हलतो. दीडशे वर्षांपूर्वीची लिव्हरपूलची तार मोबाइलवर येऊन बसली आहे.

तालुक्याच्या गावाची आजची वर्दळ पाहायची तर स्थानकावर जाऊन भागत नाही. मंगल कार्यालये, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका, कृषी केंद्रे, सोनोग्राफीच्या पाट्या आणि संध्याकाळी चौकात लागणाऱ्या पुण्याच्या ट्रॅव्हल्स यांत ती सापडते. बंद जिनिंगच्या जागेत प्लॉट पडतात. ट्रॅव्हल्समध्ये बसणारा पोरगा पंजाबरावांच्या काळच्या त्या पोराचा नातू असतो. आजोबा खेड्यातून तालुक्याला आले होते, हा तालुक्यातून हिंजवडीला निघालेला असतो. गाव मेले नाही हे खरे, पण आजूबाजूच्या खेड्यांना ओढून घेत ते जगले आणि आता त्याला कुणी तरी ओढते आहे.

नवे रस्ते पुन्हा पूर्वीसारखेच वागत आहेत. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते मूर्तिजापूर तालुक्यातल्या माना या गावापर्यंत ७५ किलोमीटरची एक पट्टी १०५ तासांत डांबरी करून गिनीज विक्रम झाला. त्याआधी कित्येक वर्षे हाच रस्ता खड्ड्यांसाठी कुप्रसिद्ध होता. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि कारंज्याला, ज्याला १८६७च्या लोहमार्गाने टाळले होते, दाराशी उतार मिळाला. मूर्तिजापूर या वेळी बाजूला राहिले. दीडशे वर्षांनी डाव उलटला.

या उताराचा कारंज्याला काय लाभ होतो ते हळूहळू दिसेल. द्रुतगतीवरची गाडी कापसाच्या गाठीसाठी थांबत नाही, आणि कारंज्याचा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन त्या रस्त्यावर चढू शकत नाही. दिवाळीच्या आगेमागे वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात सीतादही होते, दही-भाताचा नैवेद्य दाखवून पहिला कापूस वेचला जातो. तो मग जुन्याच वाटेने बाजार समितीच्या आवारात येतो. तिथे आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे, आकडे लाल दिव्यांत उमटतात. मापाऱ्याने आकडा पुकारला तरी शेतकरी पुढे वाकून तो स्वतः वाचून घेतो.